लॅब बंद होती तेव्हा संशोधन कुठं शिकायचं? नांदेड-लातूरच्या बीएस्सीची गोष्ट

हा या आठवड्याच्या भागाचा लेखी उतारा. एसटीत बसलोय, रेंज जाते-येते, ऐकायला जमत नाही असं म्हणणाऱ्यांसाठी. बोलताना झालेले अडखळे आणि मधल्या कुकरच्या शिट्ट्या काढून टाकल्यात. बाकी बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय माझ्या कामाचा नाही. मी सॉफ्टवेअरवाला. बीटेक केलं, पुण्यात नोकरी लागली, जीवशास्त्राशी संबंध अकरावीलाच संपला. पण मार्च २०२० मध्ये लॅपटॉप उचलून नांदेडला घरी आलो आणि पुढं जवळपास वर्षभर बीएस्सीच्या चार मुलींबरोबर दर रविवारी रात्री नऊला फोनवर बसलो. त्यातून जे कळलं ते आज सांगायचंय. प्रश्न असा: ज्यांच्याकडं लॅब नाही, लॅपटॉप नाही, इंग्रजी जेमतेम, आणि त्यात कॉलेजही बंद, त्यांना संशोधन शिकता येतं का? माझं उत्तर 'हो' असं आहे. पण त्या 'हो'ला एक मोठं 'पण' चिकटलेलं आहे. तेही सांगतो.

आधी जर्नलबद्दल बोलू

बीएस्सीचं प्रॅक्टिकल कसं असतं हे ज्यांनी केलंय त्यांना सांगायला नको. टायट्रेशन करायचं, रीडिंग घ्यायचं. रीडिंग चुकलं तर सीनियरचं जर्नल काढायचं आणि जे 'यायला पाहिजे' ते लिहायचं. सही होते, जर्नल सर्टिफाय होतं, मार्क मिळतात. यात पोरांना दोष देऊन उपयोग नाही. एका बॅचला एक तास, साहित्य अपुरं, आणि मार्क बरोबर उत्तराला. चुकलेलं रीडिंग प्रामाणिकपणे लिहिणाऱ्याचं नुकसानच होतं.

संशोधनाचं प्रशिक्षण याच्या बरोबर उलटं. त्यात तीन गोष्टी लागतात. एक, असा प्रश्न ज्याचं उत्तर पुस्तकाच्या मागं छापलेलं नाही. दोन, जे दिसलं ते सगळं लिहून ठेवायची सवय, चुकलेलंसुद्धा. तीन, तुमचं लिहिलेलं वाचून 'कशावरून?' असं विचारणारं कुणीतरी. मशीन, केमिकल, एसी लॅब हे सगळं नंतर येतं.

आजच्या नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली या चार जिल्ह्यांसाठी १९९४ साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झालं. त्याआधी इथली कॉलेजं औरंगाबादच्या विद्यापीठाला जोडलेली होती. आज बीएस्सीची सोय तालुक्याच्या गावापर्यंत आलीय, आणि ही काही लहान गोष्ट नाही. शेतकऱ्याची, सालगड्याची, ऊसतोड कामगाराची पोरं पहिल्यांदाच कॉलेजात आलीत. पण आमच्याकडं बीएस्सीला एक डागही लागलेला असतो. 'लातूर पॅटर्न' माहीतच आहे: बारावी, नीट, क्लास, होस्टेल, रँक. त्यात ज्यांचा नंबर लागत नाही त्यातली बरीच पोरं बीएस्सीला येतात आणि तीन वर्षं स्वतःला नापास समजतात. संशोधन वगैरे आपल्यासाठी नसतं, हे त्यांच्या डोक्यात पहिल्या दिवसापासून पक्कं असतं.

दारं होती, पण लांब

आता कुणी म्हणेल, देशात योजना तर आहेत. आहेत ना. तीन राष्ट्रीय विज्ञान अकादम्या मिळून दर उन्हाळ्यात विद्यार्थ्यांना दोन महिने मोठ्या संस्थेत काम करायला फेलोशिप देतात. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी 'नियस' नावाचा उपक्रम २००४ पासून आहे. आणि २०२० साली, ऐन टाळेबंदीत, सीएसआयआरनं आपलं उन्हाळी संशोधन प्रशिक्षण ऑनलाइन केलं. समन्वय आसाममधल्या जोरहाटच्या त्यांच्या संस्थेकडं होता. म्हणजे लोह्यात बसून जोरहाटच्या शास्त्रज्ञाकडून शिकायचं. प्रवास नाही, खोलीभाडं नाही. कागदावर बघितलं तर गरीब पोरांसाठी याहून चांगली सोय नाही.

पण अशा दारापर्यंत जायला आधी दार आहे हे माहीत लागतं. मग अर्जात 'तुम्हाला संशोधन का करायचंय' यावर इंग्रजीत लिहायचं असतं. मग शिफारसपत्र देणारे सर लागतात. आणि ऑनलाइन म्हटलं की यंत्र लागतं. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या आकड्यांनुसार भारतातल्या ग्रामीण घरांपैकी कंप्युटर होता ४.४ टक्के घरांत आणि कुठल्या ना कुठल्या मार्गानं इंटरनेट होतं १४.९ टक्के घरांत. नंतरच्या दोन वर्षांत स्वस्त फोन आणि स्वस्त डेटा आला हे खरं, पण घरात एक स्मार्टफोन आणि वापरणारे पाच, असाच तो आला. हा एक फोन लक्षात ठेवा, पुढं तो परत येणार आहे.

'दादा, पीसीआर कधी बघितलंच नाही'

माझी मामेबहीण मुखेड तालुक्यातली. लातूरला सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. होस्टेल रिकामं करायला सांगितलं तशी ट्रंक घेऊन गावी आली. जून २०२० मध्ये तिनं फोन केला, "दादा, पीसीआर म्हणजे नेमकं काय असतंय? पेपरला आहे, पण कधी बघितलंच नाही."

गंमत बघा. त्या दिवसांत आरटीपीसीआर हा शब्द प्रत्येक पेपरच्या पहिल्या पानावर होता. नांदेडला विष्णुपुरीच्या विद्यापीठ परिसरात, जीवशास्त्र संकुलात, कोविड चाचणीची लॅब चालू झाली होती. आणि सूक्ष्मजीवशास्त्राच्या मुलीनं ते मशीन लांबूनसुद्धा बघितलेलं नव्हतं.

मी वाचून तिला जमेल तसं सांगितलं. विषाणूचा आरएनए आधी डीएनएत बदलायचा. मग त्यातला ठरावीक तुकडा तापवत-थंड करत दुप्पट करत न्यायचा. एकाचे दोन, दोनाचे चार. तीस फेऱ्या नीट झाल्या तर एका तुकड्याचे शंभर कोटींहून जास्त होतात. तिनं वहीत दोनाची पट मांडून खात्री केली, आणि मग विचारलं, "मग ती विषाणूची अक्षरं आपल्याला बघायला भेटतील का?"

तिथून सगळं सुरू झालं. तिच्या तीन मैत्रिणी जोडल्या गेल्या: एक अहमदपूरकडची, एक लोह्याची, एक कंधारची. कुणाचंच नाव घेत नाही, त्यांनीच तसं सांगितलंय.

२९,९०३ अक्षरं, फोनच्या पडद्यावर

नव्या कोरोनाविषाणूचा पहिला जनुकीय आराखडा चिनी शास्त्रज्ञांनी जानेवारी २०२० मध्येच सगळ्यांसाठी खुला केला होता. २९,९०३ अक्षरं. अमेरिकेच्या सरकारी जनुकीय साठ्यात, म्हणजे जेनबँकेत, तो पडून आहे. फी नाही, लॉगिन नाही, फोनच्या ब्राउझरमध्ये उघडतो. जगभरातून येणारे नवे नमुनेही त्यात जमा होत होते. यापेक्षा मोठी फुकटची लॅब मला माहीत नाही.

सगळ्या अक्षरांशी झटण्यापेक्षा आम्ही एकच प्रथिन घेतलं: विषाणूच्या अंगावरचे काटे, म्हणजे स्पाइक. ते १,२७३ अमिनो आम्लांची माळ असते आणि प्रत्येक मण्याला एक अक्षर असतं. ब्लास्ट नावाची तपासणी १९९० पासून शास्त्रज्ञ वापरतात. दोन माळा द्यायच्या, ती एकीखाली एक लावून दाखवते. जिथं मणी सारखा तिथं अक्षर, जिथं वेगळा तिथं मोकळी जागा किंवा अधिकची खूण. हे वाचायला पीएचडी लागत नाही, डोळे आणि चिकाटी लागते.

पहिलं काम मुद्दाम असं दिलं की ज्याचं उत्तर जगाला माहीत होतं. मूळ विषाणूत ६१४ व्या जागी अॅस्पार्टिक आम्ल होतं. २०२० च्या मध्यापर्यंत जगभरातल्या बहुतेक नमुन्यांत तिथं ग्लायसिन आलं होतं. हे मी त्यांना सांगितलं नाही. फक्त म्हणालो, वुहानची माळ आणि भारतातल्या वीस माळा लावून बघा आणि काय दिसतं ते लिहा. चौघींनी चार ठिकाणी, एकमेकींना न विचारता, वहीत ६१४ लिहून आणला. त्या रविवारी फोनवर जो आरडाओरडा झाला तो ऐकून मामा बाहेर आले, "काय करायल्या ह्या पोरी रात्रीच्याला?"

जर्नलमध्ये बरोबर उत्तर उतरवून काढणं आणि स्वतःच्या डोळ्यांनी ६१४ सापडणं, यातला फरक मला समजावून सांगावा लागला नाही.

मग खरा प्रश्न ठरला: महाराष्ट्रातून जमा झालेल्या नमुन्यांत स्पाइकमधले कोणते बदल कोणत्या महिन्यात दिसतात? साधा प्रश्न, पण उत्तर आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. मलाही नाही.

दोन चुका, आणि त्यातली एक माझी

तिसऱ्या आठवड्यात अहमदपूरच्या मुलीचा मेसेज: नवा बदल सापडला! एका नमुन्यात सलग तीसेक जागी एक्स हे अक्षर. कुठल्याच पुस्तकात असा बदल नाही. दोन दिवस आम्ही सगळे हवेत. मग कंधारच्या मुलीनं शांतपणे विचारलं, "एक्स नावाचं अमिनो आम्लच नसतंय ना?" शोधलं. एक्स म्हणजे त्या जागी काय आहे ते वाचताच आलं नाही. नमुना खराब होता किंवा त्या भागाचं वाचन नीट झालं नव्हतं. आमचा शोध म्हणजे कोऱ्या पानावरची धूळ.

मी म्हणालो, हे वहीत लिहा. तारीख घालून, 'आम्हाला वाटलं होतं' असं लिहा. खोडायचं नाही. पुढं प्रत्येक माळ घेण्याआधी एक्स मोजायचे आणि ठरावीक संख्येच्या वर असतील तर ती माळ बाजूला ठेवायची, असा नियम त्यांनीच केला. संशोधनाच्या भाषेत याला डेटाची गुणवत्ता तपासणं म्हणतात. पुस्तकात हा एक परिच्छेद असतो. आम्हाला त्यासाठी दोन दिवस तोंडघशी पडावं लागलं, आणि म्हणूनच ते डोक्यात राहिलं.

दुसरी चूक माझी, आणि ती जास्त लाजिरवाणी. मी एक छोटा प्रोग्राम लिहिला होता, नमुने महिन्यानुसार लावून तक्ता करणारा. माझं रोजचंच काम ते. तक्ता सुंदर आला. कंधारच्या त्याच मुलीनं चार नोंदी हातानं काढून बघितल्या आणि म्हणाली, "दादा, हा नमुना घेतलाय जूनमधी. तुमच्या तक्त्यात ऑक्टोबरला कसा गेला?"

गेला होता खरा. प्रत्येक नोंदीला दोन तारखा असतात: नमुना घेतल्याची आणि साठ्यात प्रसिद्ध झाल्याची. मी दुसरी वापरली होती. रोग्याच्या नाकातून स्वॅब घेतल्यावर तो लॅबला जातो, वाचला जातो, तपासला जातो, मग कधीतरी जमा होतो. मध्ये आठवडे जातात, कधी महिने. माझा पूर्ण तक्ता चूक होता. आठ वर्षं कोड लिहिणाऱ्याची चूक बीएस्सी दुसऱ्या वर्षाच्या मुलीनं वहीपेननं पकडली.

ही तारखेची गोष्ट किरकोळ नव्हती हे पुढं कळलं. ज्याला मे २०२१ मध्ये 'डेल्टा' नाव मिळालं, त्याचे सर्वांत जुने नमुने ऑक्टोबर २०२० चे आहेत, भारतातले. म्हणजे आम्ही ज्या महिन्यात हा तक्ता दुरुस्त करत होतो त्याच महिन्यात तो विषाणू फिरत होता, आणि आमच्या साठ्यात तो दिसणं शक्यच नव्हतं. जे घडतंय आणि जे नोंदलं गेलंय, यात किती अंतर असतं हे त्या तारखांच्या दोन रकान्यांत दिसतं.

आणखी एक प्रश्न त्या तक्त्यातूनच आला. आम्ही घेतलेल्या नोंदींत काहींवर फक्त 'भारत', काहींवर 'महाराष्ट्र', काहींवर मोठ्या शहरांची नावं. मामेबहिणीनं विचारलं, "आपल्याकडचा एकबी नाही का?" आम्हाला सापडला नाही. मग चर्चा झाली की आमच्या तक्त्यावर 'महाराष्ट्रातले बदल' असं शीर्षक देणं बरोबर आहे का. शेवटी त्यांनी लिहिलं: 'महाराष्ट्रातून वाचून जमा झालेल्या नमुन्यांतले बदल'. शीर्षकात चार शब्द वाढले. त्या चार शब्दांसाठी एक रविवार गेला, आणि माझ्या मते तो वर्षातला सर्वांत चांगला रविवार.

गोणपाटावरची लॅब

आता कुणी म्हणेल, हे सगळं स्क्रीनवरचं झालं, हातानं करायचं विज्ञान कुठाय? तर ते अंगणात होतं.

२०२० चा खरीप मराठवाड्याला आठवत असेल. जूनमध्ये पेरलेलं सोयाबीन ठिकठिकाणी उगवलंच नाही. दुबार पेरणीची वेळ आली. तक्रारी इतक्या झाल्या की मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. त्यामुळं पुढच्या वर्षी, मे २०२१ मध्ये, मामांनी घरचंच बियाणं ठेवलं आणि कृषी खातं सांगतं तशी उगवण चाचणी केली. ओलं गोणपाट, त्यावर दहा-दहाच्या ओळीत शंभर दाणे, वर दुसरं गोणपाट, गुंडाळी करून सावलीत ठेवायचं, पाणी शिंपडत राहायचं, आठवडाभरात उघडून मोजायचं. ७० टक्के उगवले तर बियाणं चालतं, हा प्रमाणित बियाण्याचा निकष.

मामांचे ७६ उगवले. मामा खूश. मामेबहीण म्हणाली, "परत लावलं तर ७६ च येतील का?" आधीच्या वर्षातल्या रविवारांनी काय केलं ते या एका वाक्यात आहे.

तिनं परत लावलं. ६८. परत, ७३. परत, ६५. त्याच पोत्यातलं बियाणं. एकदा पास, एकदा नापास. मामा म्हणाले, "तुझं मोजणं चुकायलंय." चुकत नव्हतं. शंभर दाण्यांची चाचणी मुळातच डगमगती असते. खरी उगवण ७० टक्के असेल तर शंभर दाण्यांत ६१ पासून ७९ पर्यंत काहीही येऊ शकतं, निव्वळ योगायोगानं. चारशे दाणे घेतले तर हाच डगमग साधारण निम्मा होतो, ६५-६६ ते ७४-७५. दाणे चौपट केले की अनिश्चितता निम्मी होते, कारण ती दाण्यांच्या संख्येच्या वर्गमुळाप्रमाणं घटते. म्हणून तर बियाण्याच्या प्रयोगशाळेत शंभराचे चार संच, एकूण चारशे दाणे मोजायची पद्धत आहे. हे सूत्र तिच्या संख्याशास्त्राच्या पेपरात होतं. तिनं ते पहिल्यांदा मामांच्या पेरणीसाठी वापरलं. चारशेत २८२, म्हणजे ७०.५ टक्के. काठावर पास. सल्ला: पेरा, पण एकरी बियाणं थोडं वाढवा.

मग तिनं पुढचं पाऊल टाकलं. सोयाबीनचं टरफल पातळ असतं, मळणी यंत्रात दाण्याला मार लागतो, असं सगळेच म्हणतात. चुलत्यांकडं काठीनं बडवून काढलेलं थोडं सोयाबीन होतं. त्याचे चारशे लावले, ३३१ उगवले. फरक बारा टक्क्यांचा, योगायोगानं येईल त्याहून बराच मोठा. मला वाटलं झालं, निष्कर्ष निघाला. तिनं वहीत खाली लिहिलं होतं: 'दोन्ही बियाणं एका शेतातलं नाही. जमीन वेगळी, साठवण वेगळी. म्हणून फरक यंत्रामुळंच आहे असं म्हणता येत नाही.'

हे वाक्य लिहिता येणं म्हणजे संशोधनाचं प्रशिक्षण झालं. तिच्या हातात कुठलंही सर्टिफिकेट नव्हतं.

आता ते मोठं 'पण'

चौघींपैकी शेवटपर्यंत तिघी राहिल्या. चौथी, म्हणजे कंधारची, नोव्हेंबर २०२० मध्ये थांबली. जिनं एक्सबद्दल विचारलं आणि जिनं माझी तारखेची चूक पकडली, तीच. चौघींत सर्वांत तल्लख ती होती, हे बाकीच्या तिघीही सांगतील.

कारण अगदी साधं. घरात एक फोन. धाकटा भाऊ दहावीला, त्याचे ऑनलाइन क्लास. रविवारी रात्रीही त्याला गृहपाठ पाठवायचा असायचा. वडील म्हणाले, तिचं काय, तिचं कॉलेज तर बंदच आहे. पुढं ती दहावीची परीक्षाच रद्द झाली, पण तोवर तिची सवय मोडली होती आणि घरात लग्नाचा विषय सुरू झाला होता. मी जुना फोन पाठवतो म्हणालो. तिनं नको म्हटलं. पाहुण्याच्या पोरानं फोन पाठवला तर गावात काय बोलतील, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. हेच तिच्या कॉलेजातल्या एखाद्या मॅडमनी केलं असतं, लायब्ररीतून पुस्तक देतात तसा नोंद करून फोन दिला असता, तर चाललं असतं. आम्ही एका कॉलेजात तशी विनंती केली होती. 'परिपत्रक नाही' असं उत्तर आलं.

म्हणून मी म्हणतो, डेटा खुला होता, सॉफ्टवेअर फुकट होतं, डोकं तर होतंच. नव्हती ती एक अधिकृत जागा. कुणीतरी जबाबदार माणूस, जो घरच्यांना सांगेल की ही पोरगी रविवारी जे करते ते शिक्षण आहे. माझ्यासारखा नात्यातला सॉफ्टवेअरवाला ही जागा भरू शकत नाही. मी नशिबानं चौघींना भेटलो, आणि नशिबावर शिक्षण चालवता येत नाही.

सडलेलं वांगं

हे काम कॉलेजनं करायचं म्हणजे कसं, याचं एक उदाहरण सांगतो. अमेरिकेत पिट्सबर्ग विद्यापीठातले ग्रॅहम हॅटफुल यांच्या कामातून २००८ साली एक कार्यक्रम मोठ्या प्रमाणावर सुरू झाला. त्यात टॉपर निवडत नाहीत. पहिल्या वर्षाचा पूर्ण वर्गच घेतात. प्रत्येकानं आपल्या परिसरातली माती आणायची, त्यातून जिवाणूंना मारणारे विषाणू, म्हणजे फाज, शोधायचे, त्यांना नाव द्यायचं आणि त्यांची जनुकं वाचायची. माती सगळीकडं असते, आणि तुमच्या मातीत काय सापडेल हे मास्तरलाही माहीत नसतं.

दक्षिण आफ्रिकेत डर्बनलाही तसंच शिकवलं गेलं. तिथं २०१० मध्ये लिली होल्स्ट नावाच्या विद्यार्थिनीनं एका सडत चाललेल्या वांग्याच्या खालच्या बाजूवरून नमुना घेतला. त्यात एक फाज सापडला, त्याचं नाव ठेवलं 'मडी'. तो शीतपेटीत पडून राहिला. काही वर्षांनी लंडनमधल्या एका पंधरा वर्षांच्या मुलीला असा संसर्ग झाला की कुठलंच प्रतिजैविक चालेना. हॅटफुल यांच्या संग्रहातले तीन फाज मिळून तिला दिले गेले, त्यातला एक मडी. तिची तब्येत सुधारली. २०१९ मध्ये ही हकिकत 'नेचर मेडिसिन'मध्ये छापून आली. एका विद्यार्थिनीनं उचललेलं वांगं. आमच्याकडं वांग्यांची काही कमी आहे का?

आपल्या देशातही असं झालंय. सीएसआयआरनं २००८ साली क्षयरोगाच्या औषधांसाठी खुलं संशोधन सुरू केलं. त्यात क्षयाच्या जिवाणूच्या सुमारे चार हजार जनुकांची माहिती नव्यानं तपासायला देशभरातले कॉलेजचे विद्यार्थी इंटरनेटवरून जोडले होते. म्हणजे आमचा रविवारचा उद्योग नवा नव्हता. नवं एवढंच की महामारीत तो माळवदावर रेंज शोधत करावा लागला.

आता पुढं काय?

नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणं राज्यातल्या पदवीच्या रचनेत फील्ड प्रोजेक्ट आणि संशोधन प्रकल्प आलेत. ऑनर्सचं संशोधनाचं चौथं वर्ष करायचं तर यूजीसीच्या आराखड्यात पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के मार्कांची अट आहे. अट कशासाठी ते कळतं, पण आमच्या चौघींपैकी एकीचेही ७५ नव्हते. फील्ड प्रोजेक्टला मात्र अशी अट नाही, तो सगळ्यांना आहे. तिथंच खरी संधी आहे. तो इंटरनेटवरून उतरवलेला चाळीस पानी बाइंडिंगवाला गठ्ठा होणार, की गोणपाट होणार, हे प्रत्येक कॉलेज ठरवेल.

ऐकणाऱ्यांत प्राध्यापक असतील तर एवढंच सांगतो. प्रश्न गावातला घ्या: बियाणं, विहिरीचं पाणी, दुधाचं फॅट. आधी एक उत्तर माहीत असलेलं काम द्या, म्हणजे हात बसतो. मग एक माहीत नसलेलं द्या. वही तपासताना चूक लिहिणाऱ्याला मार्क द्या. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, 'कशावरून?' एवढं विचारा. आणि दोन फोन कॉलेजच्या नावावर ठेवा, नोंद करून द्यायला.

मामेबहीण पुढं एमएस्सीला गेली. दर मेमध्ये गावातले लोक तिच्याकडं सोयाबीन घेऊन येतात आणि ती चारशेच दाणे लावते, शंभरावर ऐकत नाही.

कंधारची मुलगी लातूरला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नमुने गोळा करते. हा भाग करण्याआधी तिला फोन केला, तुझं सांगू का म्हणून. म्हणाली, "सांगा की. पण वडिलांना वाईट म्हणू नका, फोन एकच होता." मग जरा थांबून म्हणाली, "इथं मी दोन तारखा वेगळ्या लिहितेव, नमुन्याची अन् रिपोर्टची. सगळे एकच लिहायचे."

पुढच्या भागात फुकटात आणि मराठीतून प्रोग्रामिंग कसं सुरू करायचं ते बोलू. तोवर काळजी घ्या, ऐकत राहा.